विमा संपलेली गाडी रस्त्यावर: चलन, कोर्ट आणि पुढचा हिशोब

"विमा संपलाय, पण पकडलं तर दोन हजारच ना? भरून टाकू." हे वाक्य इतक्या लोकांच्या तोंडी असतं की त्यावर एक धागा काढायलाच हवा होता. आरटीओ, विमा, वकिली, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री यांत रोज काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. कलम, रक्कम, कागद, कुठे काय अडतं, एवढंच. स्वतःच्या कहाण्या नकोत, माहिती हवी. सुरुवात दंडापासूनच करू.

आरटीओची कामं करणारा

मोटार वाहन कायदा 1988, कलम 146: सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरायची तर थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) हवाच. तो नसेल तर शिक्षा कलम 196 खाली. पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर 4,000, कैदेची मर्यादा तीच. हे आकडे 1 सप्टेंबर 2019 पासूनचे आहेत, त्याआधी दंड 1,000 पर्यंत होता.

कैद कागदावर असली तरी बहुतेक प्रकरणं तडजोड शुल्क (खटला न चालवता भरायची रक्कम) भरून मिटतात, कारण कलम 196 तडजोडीच्या यादीत आहे. म्हणूनच लोकांना हा गुन्हा किरकोळ वाटतो.

कलमातले शब्द नीट वाचा. चालवणारा तर दोषी आहेच, शिवाय "चालवू देणारा"ही दोषी. भाच्याला किल्ली दिलीत आणि विमा संपलेला असेल तर गुन्हा दोघांवर. भाचा अठराच्या आतला असेल तर कलम 199अ वेगळं लागतं: पालक किंवा मालकाला 25,000 दंड, 3 वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द.

त्यालाच जोडून, वाहतूक शाखेच्या कामाची माहिती असलेला

विमा "नसणं" आणि "जवळ नसणं" यांत फरक आहे. पॉलिसी चालू आहे पण कागद घरी राहिला, तर तो कलम 177 चा विषय, पहिल्या वेळी 500 पर्यंत. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली प्रत कायद्याने चालते, मोबाईलमध्ये काढलेला फोटो म्हणजे ती प्रत नव्हे. पॉलिसी चालू असूनही 196 चं ई-चलन आलं तर भरून मोकळं होऊ नका. चलनाच्या तारखेला पॉलिसी चालू होती हे दाखवणारी प्रत जोडून तक्रार नोंदवा. एकदा भरलं की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं आणि पुढचं चलन "दुसऱ्या वेळचं" ठरू शकतं.

विमा एजंट

अशी चुकीची चलनं का येतात ते सांगतो. चलन काढणारी यंत्रणा "वाहन" या सरकारी पोर्टलवरची नोंद बघते, तुमच्या हातातला कागद बघत नाही. नवी गाडी घेताना पॉलिसी निघते तेव्हा नंबर आलेला नसतो, त्यामुळे पॉलिसीवर फक्त चासी आणि इंजिन नंबर असतो. नंबर आल्यावर कंपनीला कळवून एंडोर्समेंट (पॉलिसीत तशी दुरुस्ती) करून घ्यावं लागतं, ते बरेच जण करत नाहीत. दुसरं म्हणजे टायपिंगची चूक: शून्याच्या जागी इंग्रजी ओ, किंवा चासी नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे. पॉलिसी खरी असते, पण पोर्टलवर ती तुमच्या गाडीला चिकटतच नाही. पॉलिसी घेतल्यावर आठवड्याभराने एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाका आणि विम्याची मुदत कुठली तारीख दाखवते ते बघा. जुनीच तारीख दिसली तर आरसीची (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत जोडून कंपनीला ईमेल करा.

सगळ्यात जास्त गोंधळ नव्या गाड्यांचा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला 3 वर्षांचा आणि दुचाकीला 5 वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो भाग संपला आणि भरला नाही, तर 196 लागत नाही, कारण कायद्याला हवा तो थर्ड पार्टी भाग चालू असतो. उलटा घोटाळा जास्त महाग पडतो. दुचाकीवाल्यांना पाच वर्षं काहीच करावं लागत नाही, सहाव्या वर्षी आठवणही राहत नाही. कारवाले दोन वर्षं फक्त नुकसानीचा भाग भरतात आणि चौथ्या वर्षी थर्ड पार्टीही भरायची आहे हे विसरतात. दोन भाग, दोन मुदती. दोन्ही तारखा आरसीच्या झेरॉक्सवर पेनाने लिहून गाडीत ठेवा.

"90 दिवसांची सवलत असते" हेही चूक. 90 दिवस आहेत ते एनसीबी (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) टिकवण्यासाठी. विम्याचं संरक्षण मुदतीच्या दिवशी मध्यरात्री संपतं, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली तरी ती विनाविमाच.

मोटार अपघात दाव्यांची वकिली

वरचं सगळं वाचून अजूनही 2,000 च डोक्यात असेल, तर हा हिशोब कागदावर मांडा. विमा नसलेल्या गाडीखाली एक माणूस गेला. वय 35, स्वतःचा धंदा, महिना 25,000 उत्पन्न, मागे बायको, दोन मुलं आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी मोजतं:

चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा असलेला माणूस म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरतात, महिना 35,000 झाले. अवलंबून चारजण, म्हणून मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा, उरले 26,250. वर्षाचे 3,15,000. या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात, वय 31 ते 35 साठी तो 16. एकूण 50,40,000. यावर अंत्यविधी, सहवास गमावणं वगैरे ठरलेल्या रकमा आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी निकालांची ही पद्धत आहे, देशभर हीच चालते.

विमा असता तर हे कंपनीने भरलं असतं. मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी थर्ड पार्टी पॉलिसीत सहसा वरची मर्यादा नसते. विमा नसेल तर चालक आणि मालक दोघांवर. भरले नाहीत तर कलम 174 खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देतं आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. म्हणजे सातबारा, फ्लॅट, बँक खातं. फौजदारी खटला वेगळा चालतो, तो या पैशांत मिटत नाही.

आता हे टाळायला विम्याचा हप्ता भरायचा होता किती? 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारचा थर्ड पार्टी दर 2022 मध्ये 3,416 ठरला. 18 टक्के जीएसटी धरून 4,031 रुपये, वर्षाचे.

कोणीतरी विचारलं: गाडी उभीच असेल तर?

उभी असली तरी "वापर" ठरू शकतो. 1991 च्या एका निकालात टक्कर होऊन काही तास महामार्गावर पडून असलेल्या टँकरचा स्फोट हाही सर्वोच्च न्यायालयाने वाहनाच्या वापरातूनच घडलेला धरला. सोसायटीबाहेर रस्त्यावर कव्हर घालून ठेवलेल्या गाडीलाही विमा ठेवा.

जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री

गाडी विकणाऱ्यांसाठी. नोटरीचा कागद, डिलिव्हरी नोट, पैसे मिळाल्याची पावती, यांनी जबाबदारी सुटत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या नवीन कुमार निकालात स्पष्ट केलंय. गाडी तीन हातांतून पुढे गेली, कोणीच नाव बदललं नाही, विमा संपला आणि अपघात झाला, तर नोटीस पहिल्या नोंदणीकृत मालकाला येते. फॉर्म 29 आणि 30 वर (मालकी बदलाचे अर्ज) सह्या करून "एजंट बघेल" म्हणत सोडू नका. नवीन आरसीची प्रत हातात येईपर्यंत पाठपुरावा करा.

घेणाऱ्यांसाठी: कलम 157 मुळे थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, पण 14 दिवसांत कंपनीला अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. स्वतःच्या नुकसानीचा भाग आपोआप येत नाही. एनसीबीही येत नाही, ती विकणाऱ्या माणसाची असते.

दाव्यांचा सर्वेयर

अपघातानंतर गाडी ठाण्यात जमा होते. विमा असेल तर ती सुपूर्तनाम्यावर (कोर्टाला हमी लिहून देऊन) सुटते. विमा नसेल तर कोर्ट पुरेसं तारण मागतं. इजा किंवा मृत्यू असेल तर अशी गाडी तारणाशिवाय सोडू नये आणि तीन महिन्यांत तारण आलं नाही तर लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात भरावी, असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना सांगितलं. जखमींच्या घरच्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. समोरच्याकडे विमा नाही असं कळताच वकिलाकरवी गाडी सोडण्याला हरकत घ्या आणि दाव्याचा अर्ज अपघातापासून 6 महिन्यांच्या आत टाका. गाडी एकदा सुटून विकली गेली की हाती लागेल अशी पहिली वस्तू गेली.

विमा एजंट, पुन्हा

एक राहिलं. आज अपघात झाला म्हणून आज पॉलिसी काढून उपयोग नाही. पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते, त्या मिनिटाच्या आधीचं काहीही कंपनी देणं लागत नाही, तारीख तीच असली तरी. मुदत संपलेल्या गाडीला काही कंपन्या पैसे घेतल्याच्या दिवशी संरक्षण देत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून किंवा आणखी उशिरा देतात. पैसे भरल्याचा एसएमएस बघून गाडी काढू नका. पीडीएफ उघडा, "विमा कालावधी" ही ओळ शोधा आणि त्यातली वेळ उलटल्यावरच किल्ली लावा. चेकने भरलं असेल आणि चेक परत गेला तर कंपनी पॉलिसी रद्द करू शकते, म्हणून खात्यातून रक्कम वळती झाल्याचंही बघून घ्या.