अनुभव धागा: अंदमानचे किनारे, शेजारची बेटं आणि पंचांग

अंदमानला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न सेल्युलर जेलचा विचारतात, दुसरा स्कूबाचा, आणि मग गाडी विमानाच्या तिकिटावर घसरते. मधला समुद्र बोलायचा राहूनच जातो. म्हणून हा धागा. कुठल्या किनाऱ्यावर किती वाजता गेलात, कोणतं बेट खरंच बघायला मिळालं, कुठे उगीच रांगेत ताटकळलात, ते लिहा. हॉटेलांची आणि टूरवाल्यांची जाहिरात नको. नावं जुनी लिहा नाहीतर नवी, चालेल: २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं.

सुरुवात मीच करते. तिथे घड्याळ आपलंच चालतं, सूर्य मात्र आपला नसतो. अंदमान मुंबईपेक्षा जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे. रेखांशामागे चार मिनिटं धरली तर सूर्य सव्वा तासाहून जास्त पुढे. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास तो बुडतो, आणि हे माहीत नसलेले लोक साडेचारला चहा घेत बसलेले असतात. राधानगर किनारा हॅवलॉकच्या पश्चिमेला आहे, सूर्यास्त बघायचा तर तीनलाच निघा. आम्ही पहिल्या रात्रीपासून आठला झोपायचं ठरवलं आणि पहाटे काळापत्थरला जायला लागलो. तिथे उजाडताना दोन कुत्री, एक नारळवाला आणि आम्ही. दहा वाजेपर्यंत दिवसाचा निम्मा आनंद पदरात पडलेला असायचा. दुपारी उन्हात फिरण्यात काही अर्थ नाही, पडवीत लोळावं.

सुकती

माझं आजोळ कोकणातलं, त्यामुळे समुद्राला गेलं की आधी तिथी बघायची सवय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, असा आजीचा हिशेब: पंचमीला पावणेचार, पौर्णिमेला सव्वाअकरा. आपल्या किनाऱ्यावर तो बऱ्यापैकी बसतो. अंदमानात नाही बसत, तिथली भरती वेगळ्या वेळी येते, तिथलं वेळापत्रकच बघावं लागतं. पण बाकीचं शास्त्र तेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यांत कमी चढउताराची भरती, आणि भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. पाण्याची चढउतार मुंबईच्या मानाने कमी, उधाणालाही दोन मीटरच्या आसपास. पण किनारा इतका उथळ की तेवढ्यातच सगळं चित्र पालटतं.

नील बेटावर हे फार कळतं. बेट छोटं, शेतीचं, पोर्ट ब्लेअरला भाजी पुरवणारं. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची वस्ती, आणि किनाऱ्यांची नावं सगळी रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. लक्ष्मणपूरला खडकाची एक नैसर्गिक कमान आहे, तिला तिथे हावडा ब्रिज म्हणतात. कमान भरतीच्या वेळी जाऊन दुरूनच बघणाऱ्यांची मला कीव येते, कारण खरी मजा कमानीत नाहीच. ओहोटीला तिच्या पायथ्याशी प्रवाळाच्या खडकात डबकी उरतात, आणि त्या डबक्यांत चाललेला संसार बघण्यासारखा असतो. समुद्रकाकडी, मण्यांसारखे डोळे वटारणारे खेकडे, दगडाला चिकटून बसलेले कालव, निळ्या कडांचे शिंपले जे सावली पडली की मिटतात. आम्ही पौर्णिमेच्या आगेमागे होतो, ओहोटी दुपारी उशिरा होती. सोबतच्या गावातल्या बाईंनी चपला कुठल्या दगडावर ठेवायच्या तेही सांगितलं. प्रवाळावर पाय द्यायचा नाही, ते जिवंत असतं. वाळूच्या पट्ट्यापट्ट्यानेच चालायचं. परत यायला सूर्यास्ताची वाट बघू नका, अंधारात त्या खडकांवरून येणं म्हणजे पाय मुरगळून घेणं.

भरतपूरचं उलट. तिथे पोहायचं, प्रवाळ बघायचं तर पाणी भरलेलं हवं. ओहोटीला गुडघाभर पाणी उरतं आणि लोक त्यातूनच प्रवाळ तुडवत जातात.

बिनपोहता

मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीतीही आहे, दोन्ही. तरी हॅवलॉकला स्कूबा केलं. ज्यांना याच कारणाने राहून जातंय त्यांच्यासाठी लिहितोय. पहिल्यांदा करणाऱ्याला पोहता यावं लागत नाही, प्रशिक्षक पूर्ण वेळ टाकीला धरून मागे असतो. आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयाचा त्रास, कानाची शस्त्रक्रिया झाली असेल तर लपवू नका. मग कमरेइतक्या पाण्यात सराव. तोंडानेच श्वास घ्यायचा, मास्कमध्ये पाणी आलं तर नाकाने फुंकून काढायचं. हातवारेही नवे शिकावे लागतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘मस्त’ नाही, ‘मला वर न्या’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल. आमच्या गटातला एक उत्साही पोरगा सारखा अंगठा दाखवायचा आणि सारखा वर यायचा.

त्रास झाला तो फक्त कानांना. दोन-तीन मीटरवरच दडे बसतात. नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची, दडा सुटला की पुढे जायचं. घाई करणाऱ्या प्रशिक्षकाकडे जाऊ नका, एवढं एकच म्हणेन. खाली गेल्यावर भीती कुठे गेली ते कळलं नाही, कारण बघायला इतकं होतं. समुद्रफुलात राहणारा नारिंगी मासा माझ्या काचेवर टोचा मारून गेला, त्याचं घर होतं ते. विमानाच्या आदल्या दिवशी डाइव्ह ठेवू नका; नंतर किमान १८ तास विमान नको असं सांगतात. स्कूबा सहलीच्या सुरुवातीला उरका.

परखड

सगळे गोडच लिहितायत म्हणून थोडं कडू. नॉर्थ बेला गेलो होतो. वीस रुपयांच्या जुन्या नोटेवरचं दीपगृह तिथलंच, तेवढं बघण्यासारखं. बाकी जेटीवर उतरल्यापासून पॅकेजवाले मागे लागतात, पाण्यात शंभर माणसं एकमेकांच्या पायाखाली, आणि जेट स्कीचा आवाज डोक्यात जातो. प्रवाळ बघायला आलेल्या लोकांनी प्रवाळावरच उभं राहून फोटो काढले. १९९८ आणि २०१० मध्ये पाणी तापून इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं होतं, उरलंसुरलं आपण पायांनी संपवतोय.

त्यापेक्षा वंडूरहून जॉली बॉयला जा. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट आहे, उद्यान १९८३ चं. वर्षातले काही महिने जॉली बॉय उघडं असतं आणि काही महिने रेड स्किन, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. प्लास्टिक नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. बेटावर राहायची सोय नाही, दुकान नाही, जेट स्की नाही. आमच्या बोटीतल्या काहींना ‘इथे करायचं काय’ हा प्रश्न पडला होता. त्यांना नॉर्थ बेच आवडलं असतं.

सूनबाई

सासू-सासरे सत्तरीचे, गुडघ्यांचे. त्यांच्यासाठी रॉस बेट उत्तम गेलं. पोर्ट ब्लेअरहून बोटीने अगदी थोडा वेळ, आणि आत बॅटरीवरच्या गाड्या आहेत. इंग्रजांनी इथून अख्ख्या अंदमानचा कारभार केला. १९४१ च्या भूकंपाने बेट हादरलं, १९४२ मध्ये जपानी आले, आणि मग जंगल. चर्च, बेकरी, अधिकाऱ्यांची घरं, सगळ्यांच्या भिंती पिंपळ-वडाच्या मुळांनी धरून ठेवल्यात. हरणं माणसाळलेली आहेत, सासूबाईंच्या पिशवीत तोंड घालून बघत होती. समोरच्या तुरुंगात कैदी आणि इथे नाचाचे दिवाणखाने, हे सासऱ्यांना फार लागलं. सावरकरांची कोठडी त्यांनी आदल्या दिवशी पाहिली होती.

ज्येष्ठांसाठी खरी अडचण बोटीत चढण्या-उतरण्याची. बोट हलत असते, मध्ये फट असते. खलाशी हात देतात, तो निमूट घ्यावा. हॅवलॉकच्या बोटीत उलटीची गोळी बसण्याआधी घ्यायची, लाटा लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

सुकती

सूनबाई, बोटीत मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर बसवा. हेलकावा कमी लागतो.

उत्तरायण

उत्तरेला फार कमी लोक जातात म्हणून लिहिते. दिगलीपूर लांब आहे, रस्त्याने अख्खा दिवस जातो. तिथे रॉस आणि स्मिथ अशी जुळी बेटं आहेत (हे रॉस वेगळं, सूनबाईंचं नव्हे). ओहोटीला दोघांमध्ये पांढऱ्या वाळूची वाट उघडी पडते, भरतीला ती पाण्याखाली. आम्ही चालत पलीकडे गेलो आणि येताना घोटाभर पाण्यातून आलो. जवळच कालीपूर, तिथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. रात्री वनखात्याच्या माणसांबरोबरच जायचं, टॉर्च आणि फ्लॅश बंद. अंदमानातलं सर्वांत उंच शिखर, ७३२ मीटरचं सॅडल पीक, इथूनच चढतात.

रस्त्याचं एक सांगायलाच हवं. जिरकाटांगच्या पुढे तो जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठराविक वेळी ताफ्यानेच सोडतात, थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला द्यायचं नाही. नियम स्पष्ट आहेत. तरी आमच्या पुढच्या गाडीत काचेला मोबाइल लावून बसलेले लोक होते. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा आणि तिवरांच्या खाडीतला बोटीचा प्रवास सुंदर आहे, त्यासाठी जा. ‘जारवा दिसतील का’ असं ड्रायव्हरला विचारायला जाऊ नका.

फक्त दोन ओळी

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर बॅगा तपासतात. आणि वाळूतल्या बारीक माश्या चावतात, संध्याकाळी लांब पँट.

परखड

पोहणाऱ्यांसाठी माझीही भर. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हला मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला होता. पाट्या दिसतील तिथे त्या सजावटीला लावलेल्या नाहीत. जीवरक्षकाच्या नजरेत पोहा, खाडीच्या तोंडाशी आणि अंधारात नको.

निळाई

सुकतीताईंच्या पंचांगात एक जोडते. अमावास्येच्या आसपास जा. हॅवलॉकला रात्री कयाकमधून नेतात, वल्हं मारलं की पाण्यात निळसर ठिणग्या उडतात. सूक्ष्म जीवांचा उजेड आहे तो, चांदण्यात दिसत नाही. पौर्णिमेला गेलेली माझी बहीण तेच पैसे भरून नुसती वल्हवून आली.

वाचनमात्र

मेअखेरीस मुलांच्या सुट्टीत जावं म्हणतो. चालेल का?

उत्तरायण

मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला तिथे मोसमी पाऊस पोचतो, समुद्र खवळलेला असतो आणि बोटी रद्द होतात. जमलं तर एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला उरका. जायचंच असेल तर परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा, हॅवलॉकला नको, आणि बोटीचं तिकीट रद्द झालं तर पैसे कसे परत मिळतात ते आधी विचारून ठेवा.