पीनार आणि एव्हर्टन

कुणीतरी लिहिलंय की दक्षिण आफ्रिकेचा फुटबॉलपटू स्टीव्हन पीनार सतत क्लब बदलत राहिला म्हणून मोठा झाला नाही. अजिबात पटलं नाही. जोहान्सबर्गच्या वेस्टबरीतला पोरगा, केपटाउनहून २००१ला हॉलंडचा आयॅक्स, मग जर्मनीचा डॉर्टमुंड, इंग्लंडचा एव्हर्टन, २०११ला तिथलाच टॉटनहॅम, आणि वर्षभरातच लोनवर (म्हणजे उसना) परत एव्हर्टन! पैसा नि नाव टॉटनहॅमकडे जास्त होतं तरी त्याचा खेळ फुलला तो एव्हर्टनचा तेव्हाचा मॅनेजर डेव्हिड मॉयेसच्या हाताखालीच.

मी तेव्हा रात्री जागून मॅचेस बघायचो, आणि डोळ्यासमोर अजून तेच येतं, पीनार बॉल घेऊन आत वळायचा, समोरचा राइट बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू) त्याच्यामागे खेचला जायचा आणि बाहेरून एव्हर्टनचा लेफ्ट बॅक लेटन बेन्स मोकळा सुटायचा, पास बरोब्बर त्याच्या धावेत. ही जोडी गोल-असिस्टच्या आकड्यांत नीट दिसतच नाही हो.