मदत हवी आहे: भाच्याच्या यकृत प्रत्यारोपणासाठी आत्या दाता होऊ शकते का?

नमस्कार मंडळी. माझ्या भावाच्या बाळाला बिलिअरी अट्रेसिया आहे, म्हणजे यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नलिका बंद आहेत. कावीळ उतरेना, शी पांढुरकी, तरी 'कोवळ्या उन्हात धरा' यातच वेळ गेला. कासाई ऑपरेशन (पित्त वाहून जावं म्हणून आतडं थेट यकृताला जोडतात ते) बाळ साठ दिवसांचं व्हायच्या आत झालं तर जास्त उपयोगी पडतं, आमचं उशिरा झालं. आता पोट फुगलंय, हातपाय काड्या झालेत, डॉक्टर प्रत्यारोपणाचं बोलतायत.

एवढ्या लहान बाळाला मोठ्या माणसाच्या यकृताचा डावीकडचा छोटा भाग पुरतो म्हणे. पण भावाला फॅटी लिव्हर निघालं, वहिनीचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळतो. अडचण अशी की १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 'जवळचे नातेवाईक' म्हणून आईवडील, आजीआजोबा येतात, आत्या येत नाही. म्हणजे प्राधिकार समितीची परवानगी लागणार.

महाराष्ट्रात कोणी यातून गेलंय का? नातं सिद्ध करायला कुठली कागदपत्रं मागितली? नवऱ्याचीही मुलाखत होते का? (सासूबाईंचं मी बघून घेईन.) आणि गोवरासारख्या जिवंत लसी प्रत्यारोपणाआधी देऊन घेतात, त्या तुमच्या बाळाला कधी दिल्या?

घरगुती काढे कृपया सुचवू नका.