व्हर्सायचा तह : ‘खंडणी’, ‘दंड’ की ‘नुकसानभरपाई’?

विचारणा

बारावीच्या मुलांसाठी पहिल्या महायुद्धाची टिपणं काढतेय. व्हर्सायच्या तहात जर्मनीवर जी रक्कम बसवली, तिला कुठे ‘युद्धखंडणी’ म्हटलेलं दिसतं, कुठे ‘नुकसानभरपाई’, कुठे नुसता ‘दंड’. तिन्ही चालतील का? परवा मी फळ्यावर ‘खंडणी’ लिहिलं, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, खंडणी तर गुंड मागतात ना?” मला नीट उत्तर देता आलं नाही. शिवाय युद्धातल्या नुकसानीची जबाबदारी जर्मनीवर टाकणाऱ्या कलम २३१ला ‘युद्धगुन्ह्याचं कलम’ म्हणावं का?

प्रतिसाद

ताई, तिन्ही एकाच वेळी चालणार नाहीत. प्रत्येक शब्दात एक वेगळा निवाडा आधीच देऊन ठेवलेला आहे.

‘खंडणी’ आली ‘खंडणे’वरून, म्हणजे रक्कम ठरवून मोकळं होणं. मराठेशाहीत तो राज्यकारभारातला रोजचा शब्द होता. आज तो पोलिसांच्या बातम्यांत गेला, म्हणून तुमच्या विद्यार्थिनीला तो खटकला आणि तिचं बरोबरच आहे. वापरायचाच तर १८७१च्या फ्रँकफुर्टच्या तहासाठी वापरा. तिथे जर्मनीनं हरलेल्या फ्रान्सकडून ५०० कोटी फ्रँक घेतले. कशाची भरपाई वगैरे भाषा नव्हती, जिंकल्याची किंमत होती. फ्रान्सनं ती १८७३पर्यंत चुकती केली, तेव्हा कुठे जर्मन फौज परत गेली.

१९१९ला, व्हर्सायच्या वेळी, जिंकलेल्या दोस्त राष्ट्रांनी हीच जुनी रीत नको म्हटलं. दंड म्हणून पैसे घ्यायचे नाहीत, असं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १९१८मध्येच जाहीर केलं होतं. नागरिकांचं जे मोडलं ते भरून द्यायचं, इतकंच. उत्तर फ्रान्समधल्या कोळशाच्या खाणी जर्मन फौजेनं पाण्यानं भरून टाकल्या होत्या. त्या उपसून पुन्हा चालू करायचा खर्च ही भरपाईच. पण मग ब्रिटनच्या आग्रहानं सैनिकांची निवृत्तिवेतनं आणि त्यांच्या कुटुंबांचे भत्तेही त्याच शब्दाखाली घातले गेले, आणि शब्द ताणला गेला. १९२१मध्ये लंडनला आकडा ठरला १३,२०० कोटी सुवर्ण मार्क. त्यातले ८,२०० कोटी अशा रोख्यांत ठेवले की ते वसूल होतील असं ठरवणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. मग ते लिहिले कशाला? आपापल्या देशातल्या लोकांना मोठा आकडा दाखवायला. माझ्या मते खरा अन्याय इथे आहे: नाव भरपाईचं ठेवलं आणि आकडा दंडाचा लावला. टिपणात ‘नुकसानभरपाई’च लिहा, पण ही गोष्ट मुलांना सांगा.

कलम २३१ला ‘युद्धगुन्ह्याचं’ मुळीच म्हणू नका. युद्धगुन्ह्यांची कलमं वेगळी आहेत, २२७ ते २३०. कैसरवर, म्हणजे जर्मन सम्राटावर, खटला भरायची भाषा तिथे आहे. २३१मध्ये शब्द आहे ‘जबाबदारी’. मात्र जर्मन पाठात तिथे ‘उऱ्हेबर’ आला, म्हणजे कर्ता, घडवून आणणारा. लोकांच्या तोंडी तर ते ‘शुल्ड’चं कलम झालं. जर्मनमध्ये ‘शुल्ड’ म्हणजे अपराध आणि कर्जही. एकाच शब्दात दोन्ही! सगळं खापर आपल्या डोक्यावर फोडलं, ही भावना घरोघर पोचली ती या शब्दातून.

आणखी एक

मला ‘तह केला’ या क्रियापदाबद्दल बोलायचंय. तह करायला दोघं लागतात. ७ मे १९१९ला व्हर्सायच्या एका हॉटेलात जर्मन शिष्टमंडळापुढे ४४० कलमांचा मसुदा ठेवला. समोरासमोर बोलणी नाहीत, काय म्हणायचं ते लेखी द्या. त्यांचे परराष्ट्रमंत्री ब्रोकडोर्फ-रान्त्साऊ उत्तराला उभे न राहता बसूनच बोलले, आणि दोस्तांना तो मोठा अपमान वाटला. जर्मनांनी या तहाला नाव दिलं ‘डिक्टाट’. शाळेतल्या श्रुतलेखनालाही तिकडे हाच शब्द. मास्तर सांगणार, पोरानं उतरवायचं.

आपल्याकडे पुरंदरचा तह घ्या. १६६५ला महाराज स्वतः जयसिंगाच्या छावणीत गेले, बोलणी झाली. २३ किल्ले गेले, १२ राखले. पारडं उघडच एका बाजूला झुकलेलं होतं, तरी त्याला ‘तह’ म्हणताना अडखळायला होत नाही. व्हर्सायला मी ‘लादलेला तह’ किंवा ‘पत्करलेला तह’ म्हणेन.

मधेच

‘लादलेला’ म्हणताना ब्रेस्ट-लिटोव्हस्क विसरू नका. मार्च १९१८मध्ये जर्मनीनं रशियावर जो तह लादला तो याहून कठोर होता. आणि व्हर्सायला लेखी हरकतींचा काहीच उपयोग झाला नाही असंही नाही. जर्मनी-पोलंड सीमेवरच्या वरच्या सायलेशियात सार्वमत घ्यायचं ठरलं ते त्या हरकतींमुळेच.

पहिला प्रतिसादकर्ता

दोन्ही मुद्दे मान्य. पण ब्रेस्ट-लिटोव्हस्क वाईट होता म्हणून व्हर्साय न्याय्य ठरत नाही. दोस्तांनी केलेली जर्मनीची सागरी नाकेबंदी जुलै १९१९पर्यंत चालू होती. उपाशी माणसाच्या सहीला संमती म्हणायला माझं मन धजत नाही.

आपला एक जुना शब्द या चर्चेत हवाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, सातव्या अधिकरणात, दुबळ्या राजानं करायच्या संधींचे प्रकार दिले आहेत. देणं सोसवेल इतकं असून विश्वासानं दोन्ही पक्ष एकजीव होतात तो ‘सुवर्णसंधी’. याच्या उलट, भरमसाठ मागणीचा, तो ‘कपालसंधी’. कपाल म्हणजे खापरी. फुटक्या मडक्याचे तुकडे जोडावेत तसा. व्हर्सायला यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही.

विचारणारी

खूप मदत झाली. ‘नुकसानभरपाई’, ‘जबाबदारीचं कलम’ आणि ‘लादलेला तह’ असं लिहिते. ‘कपालसंधी’ समासात टीप म्हणून घालते. मात्र मुलांना ‘सुवर्णसंधी’ म्हणजे नोकरीच्या जाहिरातीतलाच शब्द वाटणार, तेव्हा त्याला अर्धा तास वेगळा ठेवावा लागेल.