केरी की डोनेगल: कमान कोण राखणार?

गेलिक फुटबॉल या आयरिश खेळात डोनेगल काउंटीच्या संघाच्या पळण्याच्या दमापुढे केरी काउंटीचा संघ टिकणार नाही, हे मत पटलं नाही. 27 जुलै 2025 ची डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावरची फायनल आठवा: केरी 1-26, डोनेगल 0-19 (आधी गोल, मग बारवरून मारलेले गुण). एका गोलचे तीन गुण धरले तर चक्क दहा गुणांचा फरक!

तिथे डोनेगलचा घोटाळा झाला तो झोन बचावाचा, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याचा. जुन्या नियमांत गोलसमोर गर्दी करून लांबचे फटके मारू दिले तरी चालायचं, एकच गुण जायचा. आता गोलपासून 40 मीटरवर आखलेल्या कमानीबाहेरून बॉल बारवरून गेला की दोन गुण. असे दोन फटके म्हणजे एका गोलपेक्षा जास्त! केरीचा फॉरवर्ड डेव्हिड क्लिफर्डसमोर कमानीवर दोन पावलं मोकळी सोडलीत, तर तो वळून डाव्या पायाने मारणारच. त्याला माणसाला माणूस लावावाच लागतो, आणि तोही कमानीबाहेर.

दुसरी गोष्ट किकआउटची, म्हणजे गोलकीपर बॉल पुन्हा खेळात आणतो त्या किकची. तो कमानीपलीकडे गेलाच पाहिजे, त्यामुळे कोपऱ्यातल्या बॅकला छोटा पास देऊन सुटका नाही. बॉल मिडफिल्डवर हवेत जातो, दोघे उडी मारतात आणि तो बहुतेक वेळा खाली सांडतो. हा सांडलेला बॉल उचलायला केरीच्या गॅव्हिन व्हाइटसारखा वेगाने घुसणारा हवा. डोनेगलकडे गोलकीपर शॉन पॅटनची लांब किक आहे, पण ती जिथे पडते तिथे तीन-चार माणसं आधीच पोचलेली हवीत.

डोनेगलचे मॅनेजर जिम मॅकगिनेसनी एवढं बदललं तर डोनेगलला खरी संधी आहे. नुसत्या पळण्यावर नाही.