पायलट व्हायचंय, पैशांची जुळणी कशी करावी? (वय २९, चिपळूण)

वाशिष्ठीकाठ:
नमस्कार मंडळी. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज आहे, बीएस्सी केमिस्ट्री. हातात ४२ हजार येतात. बायको खासगी शाळेत शिकवते, मुलगी दोन वर्षांची. पायलट व्हायचं बारावीपासून मनात आहे. तेव्हा घरात विषय काढायचीही सोय नव्हती. आता नाही केलं तर कधीच होणार नाही असं वाटतं.

शिल्लक पीएफ धरून ९ लाख. चिपळुणातला फ्लॅट बाबांच्या नावावर, कर्ज नाही, ३२ लाखांपर्यंत जाईल. गुहागर तालुक्यात सव्वा एकर कलमांची बाग आहे, सातबारावर बाबा, दोन काका आणि आत्या. एका एजंटाने सांगितलंय, ५० लाखांत सगळं होतं, नोकरीची हमी, पण १५ लाख या महिन्यात भरून जागा पक्की करा. बाबा म्हणतात, बाग विकूया. मला झोप लागत नाही. बाग तारण ठेवता येईल का? की विकावीच?

उजवी_सीट:
मी मालवणचा, एअरबस ३२० वर फर्स्ट ऑफिसर. दादा, १५ लाख कुणालाही देऊ नका. नोकरीची हमी एजंट देऊच शकत नाही.

आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटची पहिली वैद्यकीय तपासणी, करा. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीवरचे डॉक्टर मुंबई-पुण्यात आहेत, काही हजारांत काम होतं. मग लगेच क्लास वन, ती जास्त कडक. रंगांधळेपणा, कान, ईसीजी, जे काय निघायचं ते तिथेच निघू दे. माझ्या बॅचमधल्या एकाने अर्धी फी भरल्यावर क्लास वन केलं आणि अनफिट निघाला. त्याच्या घरच्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

दुसरं, बारावीला गणित होतं का? फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात.

तिसरं, डीजीसीएचे पेपर. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के. नोकरी न सोडता होतात, मी रात्री बसून केले. पेपर हातात असले की उडायला लागल्यावर फक्त तासांचाच खर्च राहतो.

आता खरा आकडा. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या परवान्याला, २०० तास उड्डाण. भारतात राहण्या-जेवण्यासकट ५० ते ६० लाख धरा. त्यात टाइप रेटिंग नाही, म्हणजे ३२० किंवा ७३७ उडवायचं वेगळं प्रशिक्षण. ते आणखी १५ ते २० लाख. काही कंपन्या नोकरी देऊन बाँडवर करून घेतात, काही आधीच करून या म्हणतात. एजंट हे सांगत नाही.

आणि वाट बघणं. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली. तेवढ्या सगळ्यांना लगेच सीट मिळत नाही. मी स्वतः १९ महिने घरी होतो. त्या काळात मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं (फक्त उपकरणं बघून उडवण्याच्या पात्रतेचं) नूतनीकरण दरवर्षी, हात चालू ठेवायला थोडे तास. सगळं खिशातून. कर्ज काढताना हे महिने धरलेच पाहिजेत, नाहीतर हप्ता सुरू होतो आणि पगार नसतो.

वाशिष्ठीकाठ:
बारावीला बायॉलॉजी घेतलं होतं, गणित नाही. 😞

उजवी_सीट:
मग एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) गणिताचा एकच विषय द्या. खूप जणांनी तसंच केलंय. घाबरू नका, पण हे मेडिकलच्या जोडीलाच सुरू करा.

पाटपन्हाळे_काका:
मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली ९ गुहागर-रत्नागिरी पट्ट्यात. बागेबद्दल स्पष्ट सांगतो.

शेतजमिनीला सरफेसी कायदा लागू नाही, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला ती कोर्टाबाहेर सहज विकता येत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाला बिनशेती नसलेली बाग बहुतेक शाखा तारण म्हणून घेतच नाहीत. त्यात तुमचा सातबारा सामायिक. चौघांच्या सह्या लागतील, त्याआधी वारसनोंदी आणि वाटणी. आपल्याकडे खातेफोड म्हटल्यावर किती वर्षं जातात हे तुम्हाला सांगायला नको. काकांशी आणि आत्याशी बोला जरूर, पण या मार्गावर भरवसा ठेवू नका.

विकण्याबद्दल: बाबांच्या नावावर दुसरी शेतजमीन आहे का? नसेल तर शेतकरीपण जाईल आणि उद्या पैसा आला तरी महाराष्ट्रात पुन्हा शेतजमीन घेणं कठीण होईल. कलम उभं राहायला किती वर्षं लागतात हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ते तुमच्यासाठी विकायला तयार आहेत ही मोठी गोष्ट आहे, म्हणूनच त्यांना ते करायला लावू नका.

फ्लॅट हेच तुमचं तारण. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि पायलटच्या रकमेला तर पक्कं. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज टाका, पण शाखेत जाऊन बसा. फ्लॅट कितव्या मजल्यावर? २०२१ च्या जुलैत पाणी आलं होतं का? मूल्यांकन करणारा ते विचारतो आणि किंमत कमी धरतो.

वाशिष्ठीकाठ:
तिसरा मजला. पाणी पहिल्यापर्यंत आलं होतं. काका, हप्ता किती बसेल?

पाटपन्हाळे_काका:
३२ लाखांच्या फ्लॅटवर ५० लाख मिळणार नाहीत, हे आधी मनाशी धरा. पण उदाहरणादाखल बघा. अभ्यासाच्या काळात आणि पुढे वर्षभर हप्ता नाही, व्याज मात्र चढत राहतं. ५० चे ६० लाख होऊन हप्ता सुरू झाला, १०.५ टक्के दर धरला, तर १० वर्षांना महिना सुमारे ८१ हजार, १५ वर्षांना सुमारे ६६ हजार. बायकोच्या पगारातून दर महिन्याला थोडं व्याज भरत गेलात तर हा डोंगर बराच कमी होतो. आयकरात या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, रकमेला मर्यादा नाही, पण जुन्या करप्रणालीतच.

कर्जाएवढा मुदतीचा विमा घ्या. मुलगी लहान आहे.

देवगडची_आई:
माझी लेक आता इंटरव्ह्यूला बसतेय. आमची चूक सांगते म्हणजे तुमची टळेल. आम्ही एका फ्लाइंग स्कूलला ७० टक्के फी पहिल्या चार महिन्यांत भरली. मग दोन विमानं जमिनीवर, इन्स्ट्रक्टर सोडून गेले. १५ महिन्यांचा कोर्स ३१ महिन्यांवर गेला. राहण्याचा खर्च दुप्पट आणि कर्जावर व्याज चालूच. रात्री ती फोनवर रडायची, मी इथे काही करू शकत नव्हते.

म्हणून आधी तिथे जाऊन दोन दिवस राहा. मुलांना मेसमध्ये गाठून विचारा, गेल्या महिन्यात किती तास उडालात? आज उडणारी विमानं किती? फी उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्यांत घेणार असतील तरच पुढे बोला, आणि लेखी घ्या. पावतीत जीएसटी लावला असेल तर तेही विचारा, डीजीसीएमान्य कोर्सना तो माफ असल्याचं २०२४ मध्ये स्पष्ट झालंय.

सड्यावरचा:
तुम्ही ओबीसी किंवा भटक्या-विमुक्त प्रवर्गात असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये पायलट प्रशिक्षण दिलं होतं त्यांनी. वयाची अट आधी वाचा.

वाशिष्ठीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटाला काल नकार कळवला. बाबांना पाटपन्हाळे काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, सकाळी उठून बागेत फवारणीला गेले.

ठरवलंय ते असं: पुढच्या महिन्यात क्लास टू, लगेच क्लास वन. फिट निघालो तर एनआयओएसचं गणित आणि पेपर, नोकरी चालू ठेवून. तोवर शिल्लक ९ लाखांची १४ लाख करायची, बायको म्हणाली तिचा पगार पूर्ण बाजूला टाकू. फ्लॅटवर जेवढं मिळेल तेवढंच कर्ज. कमी पडलं तर थांबेन, बागेला हात लावणार नाही.

उजवी_सीट, नेव्हिगेशनला कुठलं पुस्तक वाचू?

उजवी_सीट:
माझ्या वह्या आणि पुस्तकं मालवणात घरीच आहेत. गणपतीला येतोय, चिपळूणला उतरून देऊन जातो. पत्ता मेसेज करा.