फ्रीलान्सिंगचं पहिलं काम: दर कसा सांगावा?

प्रश्न: लोगो डिझाइनचं पहिलंच काम येतंय. दर तासावर सांगू की ठोक? अ‍ॅडव्हान्स मागितला तर क्लायंट बिचकेल का?

प्रतिसाद १: ठोकच सांगा, पण आधी तास मोजा. अंदाज १० तासांचा असेल तर १३ धरा. फोन, ईमेल, फाइली पाठवणं यात वेळ जातोच. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा: ३ पर्याय, २ वेळा दुरुस्ती, त्यापुढच्या प्रत्येक दुरुस्तीचे वेगळे पैसे. ही ओळ लिहायची राहिली की ‘जरा रंग बदलून बघू या’ला अंत नसतो.

प्रतिसाद २: निम्मा अ‍ॅडव्हान्स बिनधास्त मागा. त्यालाच खळखळ करणारा पुढे बिलही रखडवतो. मूळ व्हेक्टर फाइल (लोगो कितीही मोठा केला तरी न फाटणारी) पूर्ण पैसे जमा झाल्यावरच द्या. तोवर वॉटरमार्क (चित्रावर पुसट नाव) टाकलेली जेपीजी.

प्रतिसाद ३: आणि बिलावर देय तारीख घाला हो! नाहीतर पाठपुरावा कशाच्या आधारावर करणार?